टिनाचा डबा, उन्हाळा आणि एकटी माशी



तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी याच पेजवर एक फोटो टाकला होता. मोटारघराच्या भिंतीला टांगलेला तेलाचा रिकामा डबा, त्यात गच्च बसवलेल्या बांबूच्या नळ्या. वर लिहिलं होतं, ‘माशीचं हॉटेल’. तुमच्यापैकी पुष्कळांनी शाबासकी दिली, काहींनी घरी करूनही पाहिलं. त्या डब्याचं पुढं काय झालं ते मात्र मी लिहिलं नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. आज लिहितो, कारण परवा एका मित्राने अगदी तसाच डबा पश्चिमेच्या भिंतीला ठोकल्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “तुझं पाहून केलं.”

डब्यातल्या माशा कोणत्या, ते आधी सांगतो. मोहोळवाल्या नव्हेत. आग्या, सातेरी, फुलोरी, पेटीतली मेलीफेरा, या सगळ्या खटल्याच्या घरात राहणाऱ्या. राणी, कामकरी, पोळं, मध, सगळा पसारा. पण आपल्या शेतात कितीतरी जातींच्या माशा एकट्या राहतात. प्रत्येक मादी आपलं घर आपण करते, आपल्या मुलांची शिदोरी आपण भरते. मध देत नाहीत म्हणून आपलं तिकडे लक्ष नाही. शेवग्यावर घोंघावणारा काळा भुंगा त्यांच्यातलाच, वाळलं लाकूड नाहीतर बांबू कोरून राहतो. गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखा अर्धगोल काप दिसतो ना, ते काम पान कापणाऱ्या माशीचं. (अळी समजून फवारू नका, ती पान खात नाही, घराला अस्तर लावायला नेते.) पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी वांग्याच्या फुलाला धरून थरथरते. आणि कुलपाच्या भोकात, खिडकीच्या चौकटीत, पडून असलेल्या पाइपात माती भरून ठेवते ती भिंतमाशी. माझ्या डब्यात आली ती हीच.

मातीचं टोपण दिसलं की माशीच, असं धरून चालू नका. फोडल्यावर आत पिवळा पराग निघाला तर माशी. हिरव्या अळ्या कोंबलेल्या निघाल्या तर ती कुंभारीण. तीही आपलीच म्हणा, तिच्या लेकरांचं पोट पिकावरच्या अळ्यांवर चालतं.

या माशांचा आपल्याला उपयोग काय, हे विचारणारे भेटतात. वांग्याचं आणि टमाट्याचं फूल घ्या. त्याचा पराग मिठाच्या डबीसारखा आत बंद असतो, टोकाला बारीक भोक. फुलाला धरून अंग थरथरवणारी माशीच तो झाडून काढते. पेटीतल्या मधमाशीला ती कला नाही. म्हणजे वांग्याच्या प्लॉटमध्ये कितीही मधपेट्या ठेवा, हे काम एकट्या माशीकडूनच होणार. तुरीचं तसं नाही. तूर माशीवाचून अडून बसत नाही, फूल उमलायच्या आधीच बरंचसं काम आपलं आपण उरकते. पण माशी फिरली तर शेंग धरायला हातभार लागतो, आणि तुरीच्या फुलावर भुंगा आणि ही भिंतमाशी हटकून दिसतात. इक्रिसॅटच्या आयसीपीएच २६७१ या संकरित तुरीचं बियाणं घेताना मादी ओळीला स्वतःचा पराग नसतोच, तिथे सगळी भिस्त अशा माशांवर. (हीच माशी शेजारच्या वाणाचा पराग आपल्या तुरीत आणून बियाण्याची भेसळ करते, हेही खरं. बिजोत्पादनवाल्यांची तिच्याबद्दल वेगळी तक्रार असू शकते.)

तर डब्याची गोष्ट. फेब्रुवारीअखेर नळ्यांवर ये-जा सुरू झाली. मार्चच्या मध्यापर्यंत निम्म्याहून जास्त नळ्या मातीने लिंपून बंद. मी रोज मोटार सुरू करायला गेलो की मोजायचो. फार बरं वाटायचं. मग ऊन चढलं. एप्रिल गेला, मे गेला. मृग लागला तरी एकाही टोपणाला भोक नाही. माशी बाहेर येते तेव्हा टोपण कुरतडून येते, भोक दिसायलाच पाहिजे. जूनच्या शेवटी धीर सुटला. एक नळी विळ्याने उभी चिरली, मग दुसरी, मग सगळ्या.

आत रांगेने कप्पे. प्रत्येक कप्प्यात पराग आणि मकरंद कालवून केलेला गोळा, डिंकाच्या लाडवासारखा, पण उन्हाने इतका वाळलेला की नखाने फुटेना. काही गोळ्यांवर वाळून तांदळाच्या कणीएवढी झालेली अळी. काही कप्प्यांत कोष विणून झालेला, आणि कोषात अर्धी माशी. म्हणजे डोळे झालेले, पाय झालेले, पंख झालेले नाहीत. जिवंत एकही नाही.

आई बाजूला तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, “टिनाच्या डब्यात ठेवल्या तं भाजतीनच ना बापा. आपण तरी बसतो का तिथं दुपारी?”

मला अपमान वाटला, कारण मुद्दा तेवढाच होता. पुढच्या उन्हाळ्यात थर्मामीटर आणून त्याच डब्यात ठेवला. वऱ्हांड्याच्या सावलीत ४३ होतं त्या दिवशी दुपारी साडेतीनला डब्यात ५१ दाखवलं. आणि आपण बातम्यांत जो आकडा ऐकतो, अकोला ४५, चंद्रपूर ४५, तो सावलीतल्या हवेचा असतो. हवामान खात्याचं थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतं, उन्हात नसतं. उन्हातला दगड, टिन, उघडी माती यांचा हिशेब निराळा. मे महिन्यात भर दुपारी उघड्या काळ्या मातीचा वरचा थर ६० अंशांच्या घरात जातो. अनवाणी पायाला हे सांगायला नको.

आता यात माशीच्या वाढीचं नेमकं काय होतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. मोहोळात पिल्लांचा भाग ३४-३५ अंशांवर राहतो. बाहेर ४४ असो, कामकरी माशा पाणी आणतात, पोळ्यावर शिंपडतात, पंखांनी वारा घालतात. चोवीस तास कूलर चालू. एकट्या माशीच्या पिल्लाला हे कुणी करत नाही. मादी लाडू ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भिंत घालते, पुढचा कप्पा करते. नळीच्या मागच्या अंगाला लेकी, तोंडाशी लेक. शेवटी तोंड लिंपते आणि दुसऱ्या घराला लागते. आपली लेकरं बाहेर आलेली बघायला ती बहुतेक जगतही नाही. म्हणजे मुलांना ऊन किती लागणार हे तिने जागा निवडली त्या दिवशीच ठरलं. नंतर अळीला उठून सावलीत जाता येत नाही.

अळीच्या अंगाला स्वतःची ठरलेली ऊब नसते. भोवतालचं तापमान तेच तिचं. गारव्यात वाढ हळू, उबेत भराभर. इथवर ऊन चांगलंच. अमेरिका-कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी पान कापणारी माशी मुद्दाम पाळतात. थंडीभर तिचे कोष शीतगृहात ठेवतात, मग २९-३० अंशांवर उबवतात. तीन आठवड्यांच्या आसपास माशा निघतात, आधी नर, मग माद्या. घास फुलायला आणि माशी निघायला एक गाठ पडावी म्हणून दिवस मोजून उबवणी सुरू करतात. पण ३० ला जे मानवतं ते ४० ला जास्त मानवेल असं नाही. एका हद्दीनंतर वाढ अडखळते, अंगातलं पाणी उडतं, शरीर घडवणारी प्रथिनं बिघडतात. हद्द ओलांडून काही तास गेले की खेळ खलास.

आणि हद्द ओलांडली नाही तरी नुकसान होतंच, ते दिसत नाही एवढंच. कोषातली माशी काही खात नाही. अळीपणी लाडू खाऊन साठवलेल्या चरबीवर जगते. तापमान वाढलं की श्वास वाढतो आणि ती चरबी जळते, काम नसताना इंजिन चालू ठेवल्यावर डिझेल जळतं तशी. बाहेर पडते तेव्हा माशी लहान, हलकी, टाकी रिकामी. तिला लगेच फुलं मिळाली नाहीत तर दोन दिवस काढायची ताकद नाही. लहान माशी एका खेपेत पराग कमी आणते, कप्पे कमी भरते. पुढच्या हंगामात तुरीवर माशा कमी दिसतात आणि आपण म्हणतो, औषधाने मेल्या. औषधाने मरतातच, त्याबद्दल या पेजवर मी कमी लिहिलेलं नाही. पण सगळं बिल औषधाच्या नावावर फाडून भागत नाही.

याचा एक चांगला प्रयोग अमेरिकेत ॲरिझोनाच्या डोंगराळ वाळवंटात झाला, २०१८ मध्ये छापून आला. तिथल्या एका एकट्या राहणाऱ्या माशीची लाकडी घरटी घेतली. काहींना काळा रंग दिला म्हणजे ती जास्त तापावीत, काहींना पांढरा म्हणजे थंड राहावीत, काहींना पारदर्शक. बाकी काही केलं नाही, फक्त रंग. काळ्या घरट्यांत पहिल्या वर्षी ३५ टक्के माशा मेल्या, दुसऱ्या वर्षी ७० टक्के. नेहमीच्या तापमानाच्या घरट्यांत एक-दोन टक्के. काळ्यातून ज्या जगल्या त्या अंगाने लहान, चरबी कमी, आणि बाहेर पडायचा काळही लांबलेला, कुणी आधी, कुणी उशिरा. नर आज आला आणि मादी पंधरा दिवसांनी, तर जमायचं कसं? ती माशी आपल्याकडची नाही, तिचे आकडे जसेच्या तसे वऱ्हाडाला लावू नका. पण निव्वळ एका रंगाच्या हाताने एवढा फरक पडतो, हे पाहून मला माझा टिनाचा डबा आठवला.

शेजारच्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, “उन्हाळा काय आजचा हाय का? अन् माशा काय आजच्या? माह्या बापानं बी हेच ऊन पाह्यलं.”

काकांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. विदर्भाचं ऊन जुनं आहे आणि इथली माशी त्या उन्हात घडलेली आहे. पण ती उन्हाला पुरून उरली ती अंगाच्या बळावर नाही, जागेच्या बळावर. खोल माती, झाडाची सावली, जाड भिंत. आमचं जुनं घर कुडाचं होतं. पऱ्हाट्या-तुराट्यांचा कुड, वरून माती-शेणाचा लेप, वर गवताचं छप्पर. त्या भिंतीला करंगळी जाईल एवढी किती भोकं होती आणि त्यात माशांची किती ये-जा असायची, हे माझ्या पिढीने पाहिलेलं आहे. बाहेर आग पडायची तेव्हा भिंतीला हात लावला तर गार. आता सिमेंट आणि टिन. जुन्या भिंतीतलं घर गेलं तर माशी मोटारघराच्या टिनाखालच्या पाइपात जाते, दुसरं आहे काय तिला?

ऊनही तेच राहिलेलं नाही. मार्च २०२२ हा देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला मार्च ठरला. मार्चमधलं ऊन मे महिन्यातल्या उन्हापेक्षा माशीला जास्त वाईट, असं माझं मत झालंय. मे महिन्यात बरीचशी पिल्लं खाऊन-पिऊन कोषात गेलेली असतात, काही तर वाढ थांबवून पावसाची वाट बघत पडून असतात. मार्चमध्ये त्याच घरात अंडी आणि खाणाऱ्या अळ्या असतात. दुधावरच्या लेकराला ताप यावा तसं ते.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसलो ते. धुरे आणि नांगरट.

जमिनीत घर करणाऱ्या माशा भिंतीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. त्यांना पाणी न साचणारी, न हलवलेली, थोडी उघडी जमीन लागते. आपल्या शेतात अशी जागा एकच, धुरा. काळ्या रानात मधोमध उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, ऊन त्या भेगांतून खाली उतरतं. धुऱ्यावर बोर-बाभूळ-कडुलिंबाची सावली असते, गवताचं आच्छादन असतं, मूळ धरून असतं. वर माती भाजत असली तरी सावलीतल्या धुऱ्यात हातभर खाली दिवसरात्रीचा फरक जवळपास कळतही नाही. माशीचं पिल्लू तिथे निवांत असतं. आणि आपण मार्च-एप्रिलमध्ये काय करतो? धुरा पेटवतो. आगीने जमिनीखालचं पिल्लू बहुतेक मरत नाही, आग वरच्यावर जाते. पण गवत जळलं, बोरीची झुडपं जळली, जमीन काळी पडली. काळी जमीन, ॲरिझोनातल्या काळ्या घरट्यासारखी, पुढचे दोन महिने ऊन पीत राहते. वाळल्या काड्यांत, पोकळ देठांत घर केलेल्या बारक्या माशा मात्र जागेवरच राख.

उन्हाळी नांगरटीचं दुखणं जरा अवघड आहे. दरवर्षी आपल्याला सांगतात, खोल नांगरा, जमीन तापू द्या, बोंडअळीचे, घाटेअळीचे कोष वर येऊन उन्हाने मरतील, पक्षी वेचतील. खरं आहे, मीही करतो, सोडा असं म्हणणार नाही. पण ज्या उन्हाच्या भरवशावर आपण घाटेअळीचा कोष मारतो, तेच ऊन माशीच्या कोषाला काही वेगळा न्याय देत नाही. नांगराच्या फाळाला दोन्ही सारखेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की रान नांगरा, धुरा नांगरू नका. ट्रॅक्टर आल्यापासून दरवर्षी फाळ धुऱ्यात वीतभर आत जातोय, चार फुटांचा धुरा दीड फुटावर आलाय, वरची बोरं गेली. त्या वीतभर जमिनीतून वर्षाला किती तूर निघते, ते ज्याने त्याने मोजावं. माझ्याकडे पायलीसुद्धा भरली नाही.

पेज वाचणाऱ्या कृषी सहायकांना आणि विज्ञान केंद्रातल्या मंडळींना एक विनंती. उन्हाळी मशागतीचं पत्रक काढता तेव्हा त्यात एक ओळ धुऱ्याची घाला. ‘परागीभवनासाठी मधपेट्या ठेवा’ हे तुम्ही सांगता, चांगलं आहे. पण पेटी भाड्याने मिळते, वांग्यावर थरथरणारी माशी कुठल्या योजनेत मिळत नाही.

आणि हॉटेलवाल्यांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे, मी तुमच्यातलाच. घर देऊन माशीला बोलवायचं आणि ते घर उन्हात ठेवायचं, त्यापेक्षा न दिलेलं बरं. माशी फेब्रुवारीत जागा निवडते, तेव्हा पश्चिमेची ऊबदार भिंत तिला छानच वाटते. मे महिन्यात तिथे काय होणार ते तिला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. टिन, प्लास्टिकच्या बाटल्या, पीव्हीसीचे तुकडे नकोत. बांबू किंवा जाड लाकडाचा ओंडका, भोकाची मागची बाजू बंद, तोंड पूर्वेला, आणि दुपारी बारानंतर ऊन लागणार नाही अशी जागा. गोठ्याच्या छपराखाली, आंब्याच्या बुडाशी, उत्तरेच्या वळचणीला. जवळ कुठे तरी ओली माती राहू द्या, लिंपायला तिला लागते. पुढच्या कप्प्यातलं पिल्लू मेलं की मागचं अडकतं, म्हणून नळी फार लांबही नको, माझ्या आता वीतभर असतात.

डबा उतरवला त्याच वर्षी उरलेल्या नळ्यांची एक जुडी मी गोठ्याच्या आढ्याला अडकवून विसरलो होतो. जुलैत बैलासाठी दावं काढायला वर हात घातला तर जुडीतल्या सात नळ्यांच्या टोपणांना गोल भोकं. एकाच मळ्यातल्या माशा, एकच उन्हाळा. दोन जुड्यांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, कळतं मला. एखाद्या जुडीत परजीवी शिरतात, एखाद्या नळीत मुंग्या. पण गोठ्यातल्या जुडीशेजारी थर्मामीटर ठेवला तेव्हा सगळ्या उन्हाळ्यात तो ३९ च्या वर गेला नाही.

यंदा गोठ्यात तीन जुड्या आहेत. मोटारघराच्या भिंतीला काही नाही, पाइपांची उघडी तोंडं चिंध्या कोंबून बंद केलीत.

राहिला धुरा. धुरा एकट्याचा नसतो, ही मोठीच अडचण. माझ्या बाजूने मी दोन वर्षं पेटवला नाही, तर काकांच्या बाजूने लागलेली आग इकडे आली. धुऱ्यावरून आमच्या गावात कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत, त्यामुळे मी आवाज न चढवता बोलायला गेलो. गोठ्यातली भोकं पडलेली नळी सोबत नेली होती. काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली, चिरून आतले कप्पे पाहिले, कुणाची लेक कुठे आणि लेक कुठे ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “बोरीपासून नाल्यापर्यंतचा राहू दे यंदा. अल्लीकडचा मी पेटवीन, तिथं साप निंघते.”

साठ पावलं होतात ती. मी मोजली.